धसईतल्या पिवळ्या फुलांची चौकशी

पहाटे ५.३०

झाड ओळखायला निघताना पुस्तकं थोडी आणि रद्दी भरपूर न्यावी लागते. डहाळी वाळवायची ती जुन्या वर्तमानपत्रातच. सोबत दोन जाड पुठ्ठे, सुतळी, फांदी कापायची कात्री, दहापट मोठं दाखवणारं भिंग, मोजपट्टी, चिठ्ठ्या आणि शिसपेन्सिल. पेन मी नेत नाही, ओल लागली की शाई पसरते आणि झाड कुठलं, कुठे मिळालं हेच वाचता येत नाही.

कॉलेजात वनस्पतीशास्त्र शिकवते, आणि सवड मिळेल तेव्हा गावोगावच्या लोकजैवविविधता नोंदवह्यांच्या कामाला हातभार लावते. २००२ च्या जैवविविधता कायद्याने ग्रामपंचायतीला एक व्यवस्थापन समिती नेमायला सांगितलं आहे. गावातली झाडं, प्राणी, बियाणी आणि त्यांच्याबद्दल लोकांना असलेली माहिती त्या समितीने वहीत उतरवायची. धसईच्या अशाच कामातले एक दादा, त्यांनी आठवड्यामागे फोटो पाठवला. रस्त्याकडेला झाडांची रांग, शेंड्यावर पिवळीधमक फुलं. खाली लिहिलं होतं, "मॅडम, केरळात जंगल खाणारं झाड ते हेच ना? ग्रामसभेत तोडायचा ठराव घेतोय."

फोटो लांबून काढलेला. पिवळा रंग सोडला तर त्यात काही दिसत नव्हतं. "मी येईपर्यंत कुऱ्हाड लावू नका," एवढंच उत्तर मी दिलं.

दादांची भीती हवेतली नव्हती. त्या केरळातल्या झाडाची मोबाइलवर फिरणारी चित्रफीत मीही पाहिली आहे. सेन्ना स्पेक्टॅबिलिस हे अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातलं झाड शोभेसाठी आणि सावलीसाठी जगभर गेलं. १९८० च्या दशकात केरळच्या वायनाडमध्ये सामाजिक वनीकरणातून त्याची लागवड झाली. तिथून ते अभयारण्यात शिरलं, पुढे मुदुमलई-बंडीपूरच्या पट्ट्यात पसरलं. त्याच्या दाट सावलीखाली गवत येत नाही, मग हरणं आणि गवे चरायचे कुठे? तोडावं तर बुंध्यातून फुटव्यांचा झुबका येतो. तामिळनाडूत ते काढून त्याचं लाकूड कागद कारखान्याला देण्याचा मार्ग सरकारला काढावा लागला. तेच झाड सह्याद्रीच्या पायथ्याशी, मुरबाड तालुक्यात रांगेने उभं असेल तर ते आजच कळायला हवं. आणि ते नसेल, तर हे कळणंही तितकंच निकडीचं. वैशाखात त्या सावलीत एसटीची वाट पाहणाऱ्यांना ती तोडल्यावर परत कोण आणून देणार?

सकाळी ७.१५

कल्याणहून निघालेली गाडी मुरबाड सोडून आत वळली की डोळ्यांना विसावा मिळतो. ऑक्टोबरचा दुसरा आठवडा. हळवं भात पिवळं पडलंय, गरवं अजून हिरवं आहे, आणि दोघांच्या मधले बांध ओल्या गवताने भरलेत. पूर्वेला ढाकोबाकडची डोंगररांग धुक्यात अर्धी बुडालेली. डोंगरउतारावर साग, ऐन, खैर, बोंडारा, पळस, मोह. पावसाळ्याच्या शेवटी हे रान इतकं भरलेलं असतं की त्यात कोण मूळचं आणि कोण बाहेरून आलेलं, हे धावत्या गाडीतून कोणालाच सांगता येणार नाही.

रस्त्याकडेला मात्र सांगता येतं. गुलमोहर, पर्जन्यवृक्ष, ऑस्ट्रेलियन बाभूळ, गिरिपुष्प, सुबाभूळ. नाक्यापासून नाक्यापर्यंत ही नावं ओळीने म्हणता येतात. गेल्या पाच-सहा दशकांत आपण रस्त्याकडेला काय लावलं, त्याचा हिशेब इथे उभा आहे. २०१९ साली राज्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचा संकल्प झाला, त्याआधीच्या तीन वर्षांत २, ४ आणि १३ कोटींचे झाले. या आकड्यांमागे कोणत्या जातीचं रोप कुठे गेलं, ही यादी जोवर गावाकडे नसते तोवर आकडा माझ्या कामाला येत नाही.

सकाळी ८.००

धसई. २०१६ च्या डिसेंबरात रोकडरहित गाव म्हणून राज्यभर नाव झालेली ही बाजारपेठ. आजूबाजूच्या पाड्यांचं सगळं येणंजाणं इथूनच. नाक्यावर चहा झाला, दादा आले, त्यांच्याबरोबर वनरक्षकही आले. आज शनिवार, शाळा सकाळची. झाडं शाळेच्या वाटेवरच होती, म्हणून गुरुजींनी मोठ्या वर्गातली मुलं सोबत दिली. मला याचा आनंद झाला. झाडाजवळ जितके डोळे जास्त, तितकं ते लवकर ओळखू येतं.

सकाळी ८.३०

झाडं चांगली मोठी, तीस-चाळीस फुटांची. तुरे फांद्यांच्या टोकांना, वर उभे राहिलेले.

"बहावा!" दोघं-तिघं एकदम म्हणाले.

बहावा इथल्या रानातलाच, मुलांनी पाहिलेला. म्हणून सुरुवात त्याच्यापासूनच केली. बहावा कधी फुलतो? उन्हाळ्यात. त्याचे घोस कसे असतात? खाली लोंबणारे. आता ऑक्टोबर आहे आणि तुरे उभे आहेत. वनरक्षकांनी जवळच्या कुंपणातला खरा बहावा दाखवला. हिरवा, फुलाविना, हातभर लांब गोल शेंगा लोंबत असलेला. त्याची पर्णिका, म्हणजे पानातलं एकेक छोटं पान, पंजाएवढी रुंद, आणि एका पानावर मोजक्याच जोड्या. रांगेतल्या झाडांची पर्णिका बोटाएवढी आणि जोड्या कितीतरी जास्त. बहावा बाद झाला.

मग पीतमोहर, ज्याला काही जण सोनमोहर म्हणतात. तोही पिवळा, तोही उभ्या तुऱ्यांचा. पण त्याचं पान गुलमोहरासारखं दुहेरी विभागलेलं, पर्णिका अगदी बारीक. कळ्यांवर तांबूस गंजासारखी लव असते आणि शेंगा तांब्याच्या रंगाच्या, ढालीसारख्या. इथे तसं काही नाही. तोही बाद.

आता दोनच नावं उरली आणि दोन्ही एकाच कुळातली, एकाच प्रजातीतली. एक कासोद, ज्याचं शास्त्रीय नाव सेन्ना सयामिया. दुसरं वायनाडचं सेन्ना स्पेक्टॅबिलिस. दोघांची फुलं पिवळी, तुरे टोकाला, पानं एकेरी पिच्छाकृती आणि शेवटी एकटी पर्णिका नसलेली. मोबाइलच्या फोटोवरून यांची गल्लत होते ती इथेच. झाड ओळखणाऱ्या अ‍ॅपवर माझा राग नाही, पण फुलाचा रंग पाहून ते जे नाव सुचवतं ते सुरुवातीचं समजावं. निकाल पान आणि शेंग हातात घेतल्यावर.

एका मुलाने डहाळी वाकवली, मी कात्री लावली आणि पान पुठ्ठ्यावर पसरलं. "पर्णिकेचं टोक बघा. निमुळतं होत अणकुचीदार झालंय की बोथट आहे?" भिंग हातोहात फिरलं. मुलांनी सांगितलं ते असं: टोक गोलसर, मध्ये जराशी खाच आणि त्या खाचेत केसाएवढा काटा. कासोदाची ही खूण. स्पेक्टॅबिलिसची पर्णिका टोकाकडे निमुळती होत जाते. तरी शेंग पाहिल्याशिवाय मी नाव लिहीत नाही. झाडावर कोवळ्या शेंगा होत्या, गटारात गेल्या हंगामातल्या वाळलेल्या पडल्या होत्या. दोन्ही चपट्या, पट्टीसारख्या, कडा जाडसर, आत बिया दिसतील असे उंचवटे. स्पेक्टॅबिलिसची शेंग गोलसर, नळीसारखी असते, आडव्या वळ्यांची. इथे गोल शेंग एकही नव्हती. रांगेतल्या प्रत्येक झाडाखाली जाऊन आम्ही पाहिलं. एकाच रोपवाटिकेच्या गाडीतून दोन जाती येऊ शकतात, म्हणून एका झाडावरून अख्ख्या रांगेचं नाव ठरवत नाहीत.

कासोद. ब्रह्मदेश-सयामकडचं झाड, महाराष्ट्रात रस्त्यांच्या कडेला आणि सरपणासाठी ठिकठिकाणी लावलेलं. थायलंडमध्ये त्याची कोवळी पानं आणि कळ्या उकळून, कडू पाणी ओतून टाकून, कालवणात घालतात. मुलांना हे फार आवडलं. तुम्ही मात्र करून पाहू नका, हेही लगेच सांगावं लागलं.

दादांचा चेहरा सैलावला. "म्हणजे तोडायचं नाही?"

नाव कळलं म्हणजे काम निम्मंच झालं, दादा. उरलेलं काम झाडाखाली बसून करायचं असतं. परकं झाड आणि आक्रमक झाड हे सारखं नाही. चिंच परकी, मिरची परकी, तरी त्यांनी इथलं रान उठवलं नाही. झाड आक्रमक आहे की नाही हे तीन गोष्टींवरून मी ठरवते. लावल्याशिवाय ते आपोआप उगवतंय का? लावल्या जागेपासून दूर जातंय का? आणि ते गेलं तिथलं पूर्वीचं काही नाहीसं होतंय का? कासोदाच्या खाली, गटाराच्या कडेला थोडी रोपं होती. पलीकडच्या माळावर, शेताच्या बांधावर एकही नाही. काही देशांत हे झाडही आपोआप पसरतं, म्हणून नोंदवहीत "लक्ष ठेवावे" असं लिहिलं. तोडायचं कारण मला दिसलं नाही.

एवढ्यात एका मुलीच्या गळ्याकडे लक्ष गेलं. चकचकीत तपकिरी बियांची सुंदर माळ.

"कुठल्या गं या?"

"नाल्यावरच्या. खूप आहेत तिकडं. खालीपण तीच उगवलीत सगळी."

आमच्यापैकी कोणीच विचारलं नव्हतं त्या झाडाचा पत्ता तिने दिला होता.

सकाळी ११.००

नाल्याची वाट शेतातून जाते. बांधावर गिरिपुष्प, कमरेएवढ्या खोडांवर छाटलेलं. काही जण त्याला उंदीरमारी म्हणतात. हेही मध्य अमेरिकेकडचं, कोकोच्या बागांना सावली म्हणून जगभर गेलेलं, उन्हाळ्याच्या तोंडाला पानं झाडून फिक्या गुलाबी फुलांनी भरणारं. आता फुलं नाहीत, तरी पान पुरेसं आहे. शेवटी एक एकटी पर्णिका, खालच्या बाजूला जांभळट-तपकिरी डाग, चुरगळलं तर उग्र वास. करंजाशी त्याची गल्लत होते, पण करंजाच्या पर्णिका मोठ्या, गुळगुळीत आणि एका पानाला पाच-सातच.

एक मावशी हळवं कापत होत्या. वनरक्षकांच्या तोंडून 'परदेशी झाड' ऐकताच त्या कंबर सरळ करून म्हणाल्या, "ताई, ह्याला हात नका लावू. ह्याचा पाला आमच्या भाताला लागतो."

त्यांचं म्हणणं पूर्ण खरं होतं. डॉ. नारायण सावंत यांनी रूढ केलेल्या चारसूत्री भात लागवडीतलं दुसरं सूत्र म्हणजे हाच पाला, चिखलणीच्या वेळी गुंठ्याला साधारण तीस किलो. उरलेली तीन सूत्रं म्हणजे भाताचा तूस-पेंढा जमिनीला परत देणं, ठरावीक अंतरावर नियंत्रित लावणी आणि युरिया-डीएपीच्या ब्रिकेट. या पाल्याचा आणखी एक उपकार मला मोठा वाटतो. आपल्याकडे आवणासाठी राब भाजायला ऐनाचे आणि इतर रानझाडांचे टहाळ वर्षानुवर्षं तोडले जातात. खताला बांधावरचा पाला मिळाला तर ऐनावरचा भार तेवढा हलका होतो.

वर्षातून दोन-तीनदा छाटलं जातं तोवर गिरिपुष्पाला फुलं-शेंगा कमीच धरतात. ज्या कुंपणाकडे मालकाने पाठ फिरवली, तिथल्या शेंगा मात्र उन्हात तडतडून उलतात आणि बिया पुष्कळ लांब फेकतात. शहरांजवळच्या काही टेकड्यांवर वनीकरणात हेच झाड दाट लावलं गेलं आणि त्याखाली गवताळ माळाची ओळखच पुसली गेली. ते दुःख माझ्या मनात कायम आहे. पण मावशींच्या बांधावर येऊन ते सांगायची ही जागा नव्हे. मी लिहिलं: गिरिपुष्प, बांधावर, दरवर्षी छाटणी, ठेवावे.

दुपारी १२.३०

नाला.

लांबून हिरवळ दिसली, जवळ गेल्यावर एकच हिरवा रंग उरला. दोन्ही काठांना सुबाभूळ. मोठी झाडं काही थोडी, त्यांच्या मधून मनगटाएवढी, त्यांच्याखाली काडीएवढी आणि जमिनीवर बोटाएवढी. रोपांची घनता काढायला मी मीटरभर चौकट टाकते. इथे पहिल्याच चौकटीत बोट ठेवायला जागा नव्हती.

ओळखायला हे झाड सोपं आहे, पण नीट ओळखावं. पान बाभळीसारखं दुहेरी, काटा मात्र कुठेच नाही, म्हणून बाभूळ नाही, खैर नाही. शिरीषाच्या पर्णिका याहून रुंद, आणि त्याची शेंग गवती रंगाची, चांगली दोन बोटं रुंद. सुबाभळीच्या शेंगा अरुंद, चपट्या, तपकिरी, एका देठाला झुबक्याने लागलेल्या. पांढरे गोंडे जवळजवळ वर्षभर. पानाच्या दांड्यावर, पहिल्या जोडीपाशी, एक बारीक वाटीसारखी ग्रंथी. भिंगातून ती पाहून वनरक्षक बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "इतकी वर्षं रोज बघतो, हे नव्हतं बघितलं."

पलीकडच्या पाड्यातले एक ठाकर आबा शेळ्या घेऊन आले होते. या नाल्यावर पूर्वी काय होतं, हे त्यांच्याखेरीज कोण सांगणार?

"उंबर व्हते, करंज व्हते, जांभळी व्हत्या. कडंला कुडा. ही शाळंच्या अंगानं आनली, सरपनाला. मंग रस्त्याचा मुरूम काढला ना इथून, तवापास्नं ही धावत सुटली. तोडला तर चार फुटत्यात, बाय."

आबांच्या या चार वाक्यांत सुबाभळीचा सगळा स्वभाव आला. मूळ मेक्सिको आणि मध्य अमेरिकेतलं हे झाड स्पॅनिश जहाजांतून सोळाव्या शतकातच फिलिपिन्सला पोचलं. हवाई विद्यापीठात त्याचे उंच वाढणारे वाण निवडले गेले. १९७० च्या दशकात मणिभाई देसाईंच्या उरुळी कांचनच्या 'बाएफ' या संस्थेने ते आपल्याकडे चाऱ्यासाठी, सरपणासाठी रुजवलं. १९७२ च्या दुष्काळात गुरं मरताना ज्यांनी पाहिली होती, त्यांना वर्षभर हिरवा पाला देणारं झाड किती मोलाचं वाटलं असेल! त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पाल्यात मिमोसिन नावाचं द्रव्य असतं, म्हणून तो इतर चाऱ्यात मिसळून, बेताने द्यायचा. नुसताच खाल्ला तर जनावरांचे केस गळतात. हे शेतकऱ्यांना सांगितलं गेलं. शेंगा पिकण्याआधी झाड छाटलंच पाहिजे, हे मात्र गावोगाव तितकं पोचलं नाही.

आणि शेंग पिकू देणंच इथे सगळ्यात महाग पडतं. सुबाभळीचं फूल स्वतःच्याच परागाने फळतं, त्यामुळे एकटं झाडसुद्धा पुढची पिढी उभी करतं. बीचं कवच कठीण, मातीत ते वर्षानुवर्षं टिकतं. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या शंभर सर्वांत घातक आक्रमक जातींच्या यादीत याचं नाव आहे. पण आबांच्या मुरमाच्या गोष्टीतून त्याची कमजोरीही कळते. सुबाभळीला ऊन लागतं, उकरलेली जमीन लागते. दाट, न मोडलेल्या रानात ती सहसा शिरत नाही. आम्ही नाल्याने वर चढत गेलो. जिथे जांभळी-करंजांचा जुना मांडव शाबूत होता तिथे सुबाभूळ संपली. मुरमाची खाण, रस्त्याची कड आणि टहाळ ओरबाडून बोडका झालेला उतार, या तिन्ही ठिकाणी ती होती. एकच उपाय निवडायला सांगितला तर मी उरलेला तो मांडव राखीन, आणि मग तोडीचं बघेन.

दुपारी ३.३०

पंचायतीच्या ओसरीवर आठ-दहा जण जमले. ठरावाचा कागद तयार होता, फक्त त्यातलं झाड चुकीचं होतं. कासोदाची रांग ठेवायची हे लगेच मान्य झालं, सावलीवाचून कोणाला राहायचंय? सुबाभळीवर मात्र वाद झाला. एक काका म्हणाले, शेळ्यांना पाला कुठून आणायचा? दुसरे म्हणाले, एकदाच जेसीबी लावून साफ करू.

जेसीबीला मी ठाम नाही म्हटलं. उकरलेली माती म्हणजे जुन्या बियांना आमंत्रण, आणि काठ उघडा पडला तर पहिल्या पुरात शेत नाल्यात जाईल. १९६४ च्या महाराष्ट्र वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत साग, खैर, ऐन, मोह, जांभूळ आहेत, सुबाभूळ नाही. पण नाल्यात ही सगळी एकमेकांत वाढलीत, यंत्राला त्यांतलं काही कळणार नाही. शिवाय नाल्याचा वरचा भाग वनखात्याचा, तिथे खात्याला विचारल्याशिवाय काडी हलवायची नाही. वनरक्षकांनी हे स्वतःच मांडलं, ते बरं झालं.

शेवटी ठरलं ते आबांच्या शेळ्यांना धरूनच. हिरव्या शेंगा पिकायच्या आत पाल्यासकट छाटून जनावरांना, इतर चाऱ्यात मिसळून. वरच्या मांडवाजवळच्या झाडांपासून सुरुवात, मग खाली. गुडघ्याखालची रोपं पावसाळ्यात जमीन मऊ असताना मुळासकट उपटायची. त्याहून मोठी झाली की सोटमूळ खोल जातं आणि ती तुटतात, निघत नाहीत. बुंध्याचे फुटवे वारंवार मोडायचे. हे काम एका मोसमाचं नव्हे, बी मातीत आहे तोवर दर पावसाळ्यात यावं लागेल. मोकळी झालेली जागा रिकामी ठेवायची नाही. तिथे उंबर, करंज, जांभूळ, कुडा, म्हणजे आबांनी सांगितली तीच यादी.

संध्याकाळी ७.३०

घरी आल्यावर डहाळ्या रद्दीत पसरून, पानं एक सुलटी एक उलटी करून, पुठ्ठ्यांत आवळल्या. पानाची खालची बाजू दिसली नाही तर पुढे ओळखणाऱ्याचे हाल होतात. उद्या सकाळी कागद बदलायचे, परवा पुन्हा. कासोदाचा एक नमुना मुंबईच्या सेंट झेवियर्स कॉलेजातल्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये जुन्या नमुन्यांशी ताडून पाहीन. माझी खात्री झाली आहे, पण तोडीचा ठराव ज्या नावावर फिरला ते नाव दुसऱ्या डोळ्यांनीही तपासलेलं बरं. चिठ्ठीवर गाव, तालुका, तारीख, झाडाची उंची, फुलाचा रंग (वाळल्यावर तो राहत नाही) आणि "लावलेलं की आपोआप उगवलेलं". हा शेवटचा रकाना बऱ्याच जुन्या चिठ्ठ्यांवर नसतो, म्हणून कोणतं झाड कधी पसरू लागलं हे आज सांगता येत नाही.

नोंदवहीत सुबाभळीपुढे माहिती देणाऱ्यांच्या जागी आबांबरोबर "शाळेतील विद्यार्थिनी" असंही लिहिलं.

रात्री दादांचा फोन आला. करंजाची रोपं रोपवाटिकेतून मागवू का? मी म्हटलं, विकत कशाला? नाल्याच्या वरच्या अंगाला जुने करंज आहेत, फेब्रुवारी-मार्चपासून त्यांच्या शेंगा वाळून पडू लागतील. त्या मुलांना गोळा करायला सांगा. पिशव्यांत भरायला माती मात्र सुबाभळीखालची घेऊ नका.